घरचे घ्या, घरचे!

मैनाबाईच्या नवऱ्याचं नाव सातूजी. आता या नावात वाईट काय आहे? काहीच नाही. सहा बहिणींच्या पाठीवर सातवा, म्हणून आईनं सातू ठेवलं आणि गल्लीनं त्याचं सात्या करून टाकलं. घोटाळा झाला तो मैनाबाईच्या माहेरामुळं. ती भिवापूरकडची. तिकडच्या झाडीत भादवा लागला की वारुळांवर पांढऱ्याशुभ्र छत्र्या फुटतात. कुत्र्याच्या छत्र्या नव्हेत, त्यांच्या वाटेला कोणी जात नाही. या खायच्या, आणि एकदा खाल्ल्या की माणूस वर्षभर बोटं चाटत बसतो. त्यांचं नाव सात्या. म्हणजे भाजीही सात्या आणि नवराही सात्या! आणि त्या काळची बाई जीव गेला तरी नवऱ्याचं नाव तोंडातून काढायची नाही. नाव घ्यायचं ते उखाण्यात, तेही चार बायांनी दार अडवल्यावर.

लग्नानंतरच्या पहिल्याच भादव्यात मैनाचा भाऊ रुपराव छोट्या रेल्वेनं इतवारी स्टेशनावर उतरला आणि सात्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन तांडापेठेत, कोष्ट्यांच्या गल्लीत, बहिणीच्या दारी आला. मैनानं भाजी चुलीवर चढवली. वास सुटला. शेजारच्या गोदूबाईचं नाक आधी यायचं आणि गोदूबाई मागून. ती दारात उभी राहिली.

"काय शिजवून राहिली वं मैना?"

मैनानं चुलीत फुंकर घातली.

"अवं बोल ना. वांगे आहेत काय?"

"वांगे नाही," मैना लालबुंद होऊन म्हणाली, "ते... हे... आमचे घरचे."

"घरचे शिजवून राहिली?" गोदूबाईनं दोन्ही हात गालावर ठेवले. "अव माय! काल आलेली पोरगी आन् नवरा चुलीवर!"

झालं! गोदूबाईच्या कानी गेलेली गोष्ट गल्लीच्या टोकाला पोचायला वेळ तो काय लागणार? मागावर विणत बसलेली माणसं आडव्या सुताचा धोटा हातात धरून हसली. सासू तुळजाबाई सहसा हसायची नाही, तिनंही पदर तोंडाला लावला. सगळ्यात जास्त हसला तो सातूजीच. ताटावर बसून म्हणाला, "मी मलेच खाऊन राहिलो गा!"

त्या दिवशी जेवताना नावावरून वादही झाला. रुपराव म्हणाला, "एकदा फुटल्या का सात दिवस राहतात, मंग शोधून सापडत नाहीत, म्हणून सात्या." तुळजाबाई म्हणाली, एका वारुळावर साता-साताचा घोळका उगवतो म्हणून. गल्लीतला वडीलधारा जागेश्वर, ज्याचा शब्द सगळे मानायचे, त्यानं तिसरंच काढलं. "भाजीत सत्त्व आहे. सत्त्वाचं सात्या झालं." खरं कोणालाच ठाऊक नव्हतं, पण म्हणून गप्प बसेल तो नागपूरकर कसला! मैनाला मात्र भावाचंच पटलं. तिनं लहानपणी पाहिलं होतं. आज वारूळ गच्च भरलेलं, आणि थोड्या दिवसांनी जाऊन पाहावं तर नुसती माती. पण पुढच्या भादव्यात त्याच वारुळावर पुन्हा हजर. हे तिच्या मनात पक्कं बसलं, आणि पुढं यानंच तिचा घात केला.

गल्लीत त्या भाजीला 'घरचे' हेच नाव पडलं. "भिवापूरचे घरचे आले काय वं?" असं बाया सरळ विचारू लागल्या.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढंमागं सुताचे फार हाल होते. सूतच मिळेना, तर माग काय हवेवर चालवायचा? एक दिवस सातूजीनं गाठोडं बांधलं. "बऱ्हाणपूरले जातो. तिकडं काम आहे. पोळ्याले येतो," म्हणाला आणि गेला. पोळा आला, बैल सजले, सातूजी आला नाही. दिवाळी गेली. दुसरा पोळाही गेला. निरोप नाही, माणूस नाही. तुळजाबाई दाराशी बसून रस्त्याकडे पाहायची. पाहून पाहून म्हातारीची नजर अधू झाली. मैना मात्र मनाला सांगायची, वारुळावरच्या छत्र्या पुन्हा उगवतात, तसे तेही येतील.

घरात दोघी बाया आणि एक मुका माग. कोष्ट्याच्या घरची बाई सूत उकलते, कांड्या भरते, पण मागावर बसत नाही. मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून बसायचं ते पुरुषानं. मैना बसली! गल्लीला धक्काच बसला. बाया तोंडाला पदर लावून दाराशी गोळा झाल्या, माणसं जागेश्वराकडे गेली. जागेश्वर आला, मैनाचे हात पाहिले, म्हातारीचं तोंड पाहिलं आणि म्हणाला, "बस. पोट कोणाले चुकलं आहे? पण जागा सातूची आहे, मैना. तो आला का उठा लागते."

"उठीन," मैना म्हणाली.

आधी तिचं कापड असं निघायचं की पोतंही त्यापुढं बरं. मग हात बसला. मग असा बसला की गांधीबागेतले कापडवाले "मैनाबाईच्या हातचं लुगडं आहे काय?" म्हणून विचारू लागले. नवरा यावा असं तिला अगदी आतून वाटायचं. कपाळाचं कुंकू ती कधी चुकवत नव्हती. पण तो आला की या जागेवरून उठायचं, हे तिला नकोही वाटायचं. दोन्ही खरं होतं, आणि दोन्ही ती कोणाला बोलली नाही.

भादव्यात रुपराव टोपली पाठवायचा, आणि ती इतवारीच्या बाजारात घेऊन बसायची. आता पंचाईत पाहा. विकायला बसायचं, ओरडायचं, आणि मालाचं नावच घ्यायचं नाही! मैनानं लाज गुंडाळून ठेवली आणि हाक दिली, "घरचे घ्या वं बाई, घरचे! ताजे घरचे!"

बाजार लोटपोट झाला. बाजूची भाजीवाली म्हणाली, "माहे घेऊन जाय वं कोणी, फुकट देते!" पण त्या हसण्यावर माल खपायचा. पुढं एका वर्षी बारीक बारीक सात्या जास्त आल्या. एक गिऱ्हाईक म्हणाली, "हे काय, एवढुसे?" मैना पटकन बोलून गेली, "हे दीर आहेत. मोठे ते घरचे, लहान ते दीर." पुन्हा हशा. तेव्हापासून तिच्या टोपलीपाशी घरचे वेगळे आणि दीर वेगळे. हे नाव गल्लीतसुद्धा कोणी नेलं नाही. ते इतवारीतलंच, तिच्या टोपलीपुरतं.

त्या टोपलीशी एक बाई दर साली यायची. सावळी, हसरी, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. बसायची, छत्र्या उलट्यासुलट्या करून पाहायची आणि ठरलेलं म्हणायची, "दीर नको देऊ वं बाई. मले घरचेच दे."

"घे माय, तुलेच देते. घेऊन जाय माहे घरचे," मैना म्हणायची, आणि दोघी हसत सुटायच्या. अशी जीव लावून हसणारी बाई, तिला मैना वरून मूठभर जास्त टाकायची.

मध्ये एकदा जागेश्वर रेल्वेलाइनीपलीकडच्या सदरातून आला तो सांगू लागला, "सातूसारखा माणूस दिसला गा तिकडं. हाक मारली तं गर्दीत शिरला." मैना भडकली. "बऱ्हाणपूर काय सदरात आलं काय, दादाजी? उगाच माह्या जिवाले घोर काहून लावता?" जागेश्वर ओशाळला. पुन्हा कोणी तो विषय काढला नाही.

नागपूरचा राजधानीचा मान गेला, त्याच्या पुढचा भादवा; सातूजीला जाऊन दहाएक वर्षं झाली होती. हिरव्या बांगड्यांची बाई यंदा बाजारात आलीच नाही. मैनानं निवडून निवडून मोठेच घरचे तिच्यासाठी बाजूला ठेवले, वाट पाहिली आणि शेवटी तो वाटा पदरात बांधून घरी आणला. एखादं गिऱ्हाईक न आल्याची एवढी चुटपूट काहून लागावी, तिचं तिलाच कळेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मागावर होती. रुपराव नवं टोपलं घेऊन येणार होता. बाहेरून गोदूबाईचा आवाज फुटला, "मैना! अवं मैना! घरचे आले!"

मैनानं मानसुद्धा वळवली नाही. "सावलीत ठेवा म्हणा. शिळे असतील तं परत पाठव. किडके निघाले तं वेगळे काढ."

बाहेर एकदम शांत. गोदूबाई आणि शांत! मग गोदूबाई हळूच म्हणाली, "अवं... भाजी नाही वं. घरचे. तुये घरचे!"

धोटा हातातून सुटून खड्ड्यात पडला. दारात सातूजी उभा होता. केस पांढरे झालेले, गाल बसलेले, पण हसणं तेच.

"शिळा झालो खरा," तो म्हणाला, "पण किडका नाही वं."

मैनाला उठता येईना. तुळजाबाई भिंत धरत धरत आली आणि लेकाचा चेहरा हातांनी चाचपत रडू लागली, "सातू, माह्या सातू, कोठी होता रे बापा?" तो म्हणाला, "बऱ्हाणपुरात होतो, आये. काय सांगू! निरोप पाठवाले माणूस भेटत नव्हता."

गल्ली लोटली. जागेश्वरानं डोळे पुसले आणि मग, वडीलधाऱ्याचं काम म्हणून, ठरवूनही टाकलं. "आज मैनानं गोडाधोडाचं नाही, त्याचं आवडीचं करावं. संध्याकाळी आम्ही सारे येतो. बाया दार अडवतील, मैना नाव घेईन, आन् सातू मागावर बसून पहिला धोटा टाकीन." मग मैनाकडे पाहून हळू म्हणाला, "उठा लागते आता, बाई. बोललो होतो आपण."

"हाव," मैना म्हणाली. डोळ्यांतलं पाणी नवऱ्यासाठी की मागासाठी, हे तिनं स्वतःलाही विचारलं नाही. वारूळ तेच, भादवा तोच, आणि सात्या उगवून आला. लहानपणी पाहिलं ते खोटं नव्हतं.

घरात भाजी होती ती कालचीच, हिरव्या बांगड्यांच्या बाईसाठी राखून ठेवलेली. मैनानं निम्मी टोपल्यात राहू दिली आणि निम्मी, भिवापूरचं तिखट टाकून, जीव ओतून केली. दिवेलागणीला सातूजी ताटावर बसला. शेजारी म्हातारी, त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून. त्यानं पहिला घास घेतला, डोळे मिटले, मग बोटानं वाटी चाळली आणि खूश होऊन म्हणाला, "वा! एकही दीर नाही टाकला वं. सारे घरचेच!"

मैना आधी हसली. मग तिच्या हातातला पळा जागच्या जागी राहिला.

"दीर?" ती म्हणाली. "दीर तुमाले कोणी सांगतलं?"

"काय?"

"दीर. हे नाव तुम्ही गेल्यावर पडलं. या गल्लीत कोणाले ठाऊक नाही. इतवारीत, माह्या टोपल्यापाशी पडलं. बऱ्हाणपुरात कोणी सांगतलं?"

सातूजीचा घास तोंडाशी थांबला. त्यानं आईकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग चोरी करताना पकडलेल्या पोरासारखा हसला. तोच हसणारा सात्या.

"आता लपवून काय करू? बऱ्हाणपूरले गेलोच नाही मी. गड्डीगोदामात होतो, सदराजवळ. लाकडाच्या टालावर. तिथं एक बाई भेटली, राहिलो. तेच बाई हे भाजी आणे दर साली तुयापासून. तिले ठाऊक नव्हतं वं, तू कोण ते. मले येऊन सांगे, इतवारीत एक बाई बसते, नवऱ्याचं नाव घेत नाही म्हणून सात्याले घरचे म्हणते, बारक्याले दीर म्हणते. आम्ही दोघंही लय हसत होतो."

मैनानं पळा खाली ठेवला. "हिरव्या बांगड्या?" तिनं विचारलं.

"हाव. हिवाळ्यात गेली ते, तापानं. आता घरी भाकर टाकाले कोणी नाही. म्हटलं, आपलं घर आहे, माय आहे, तू आहे. काहून वं, अशी काहून पाहून राहिली?"

मैना कशी पाहणार होती? ती बाई म्हणायची घरचे दे, आणि मैनानं घरचे दिले. आपल्या हातानं दिले. हसत दिले, वरून मूठभर जास्त टाकले! ज्याच्यासाठी कुंकू लावलं, अख्ख्या बाजारात हसं करून घेतलं पण ज्याचं नाव जिभेवर येऊ दिलं नाही, तो रेल्वेलाइनीच्या पलीकडं बसून तिच्या हातचं खात होता. चालत गेलं तर संध्याकाळच्या आत परत येता आलं असतं. आणि ती बिचारी हसरी बाई मेली, आणि तिच्याच वाट्याची भाजी या ताटात होती. मैनाला त्या बाईचा राग करायचा होता, पण तो येईना. रडू आलं ते तिच्यासाठीच आलं, आणि यानं तर ती चरकूनच गेली.

तुळजाबाईनं लेकाच्या गुडघ्यावरचा हात काढून घेतला होता. ती एवढंच म्हणाली, "गड्डीगोदाम? इथलं गड्डीगोदाम?"

तेवढ्यात बाहेर बाया आल्या. गोदूबाईच्या हातात ओवाळणीचं ताट, मागं जागेश्वर आणि सारी गल्ली. पोरीबाळींनी दार अडवलं. "नाव घे वं मैना! नाव घेतल्याबिगर आज सुटका नाही!"

मैना उठली. कोपऱ्यातलं टोपलं उचललं, डोक्यावर घेतलं आणि उंबऱ्यात येऊन उभी राहिली. बायांनी कान टवकारले.

"सात्या," मैना म्हणाली.

उखाणा नाही, नावापुढं 'जी' नाही, काही नाही. गोदूबाईच्या हातातलं ताट हललं आणि दिवा विझला.

"सात्या घ्या वं, सात्या!" मैनानं बाजारातल्यासारखी हाक फोडली. आवाज गल्लीच्या टोकाला गेला. "गड्डीगोदामातल्या सात्या! बऱ्हाणपूरच्या नाही, इथल्याच, लाइनीपलीकडच्या! दुसऱ्याच्या घरी वाळल्या आन् माह्या दारी फेकल्या! घ्या कोणी, फुकट देते!"

"अव माय!" बायांच्या तोंडून एकदमच निघालं. बाईनं नवऱ्याचं नाव घेतलं, भर गल्लीत, त्याच्या तोंडावर, हाका मारून! मागच्या दोघी-तिघींनी कानांवर हात ठेवले. मैनालाही स्वतःच्या आवाजाचा धसका बसला होता, जीभ झडेल की काय असं वाटत होतं. झडली नाही. तशीच उभी राहून तिनं सगळं सांगितलं. टाल, हिरव्या बांगड्या, दीर, सगळं. सातूजी आतून ओरडला, "अवं काय लावलं हे? ते गेली आता, मी आलो ना घरी!" 'हे खोटं आहे' असं मात्र त्यानं एकदाही म्हटलं नाही.

जागेश्वराचा चेहरा पडला. सदरात गर्दीत शिरलेला तो माणूस त्याला आठवला असणार. पण वडीलधाऱ्याला रीतही सोडवेना. तो म्हणाला, "वाईट केलं त्यानं. लय वाईट. पण माग त्याच्या बापाचा आहे, जागा त्याची आहे. बाईमाणसाच्या रागावर घर चालते काय? तुळजाबाई, तुमच्या घरचे काय म्हणतात ते आईकू द्या."

सगळ्यांनी माना वळवून आत सातूजीकडे पाहिलं. तोही ताटावरून अर्धा उठला.

तुळजाबाई भिंत धरत दारापर्यंत आली. पोटचा पोरगा मागं उभा होता, आणि ज्या रस्त्याकडे पाहून तिची नजर गेली तो रस्ता पुढं होता. तिनं हात पुढं केला, चाचपत चाचपत मैनाच्या डोक्यावरचं टोपलं खाली घेतलं आणि बोट तिच्या छातीशी लावलं.

"आमच्या घरच्यायनं आताच सांगतलं ना," ती म्हणाली. "आईकलं नाही काय गा, जागेश्वर?"

मैना आत गेली, ताटाला वळसा घालून मागाच्या खड्ड्यात उतरली आणि दुपारी पडलेला धोटा शोधू लागली.